बैलजोडी तीच, औत निराळं



दिवेलागणीच्या वेळी गावातल्या कुठल्याही आळीतून चाललात, तर एखाद्या ओसरीवरून पोराच्या घोकण्याचा आवाज कानावर येतो. 'पुट म्हणजे ठेवणे, पुट म्हणजे ठेवणे.' आई चुलीपुढं असते, बाप जनावरांना वैरण टाकून नुकताच आत आलेला असतो. पोर अभ्यास करतंय म्हणून दोघांनाही बरं वाटतं. पण तेच पोर अडलं आणि काही विचारायला आलं, की दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. 'आम्हाला काय कळतंय त्यातलं? मास्तरांना विचार,' एवढंच उत्तर त्यांच्यापाशी असतं.

आज तुमच्याशी याविषयीच चार गोष्टी बोलायच्या आहेत. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे ती आता प्रत्येकाच्या उंबऱ्याच्या आत आलेली आहे. तेव्हा ज्यांनी इंग्रजीचं एक अक्षरही गिरवलेलं नाही, त्या आई-बापांनीही हा लेख बाजूला ठेवू नये. कारण यातली निम्मी गोष्ट शेतीची आहे, आणि ती तुम्हाला माझ्याहून चांगली ठाऊक आहे.

मी बरीच वर्षं एका खेड्यातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि सुटीच्या दिवशी घरचं औत धरलं. या दोन्ही कामांत मला एक सारखेपणा दिसत आला. तो असा, की आपली बैलजोडी तीच असते, जू तेच असतं, पण मागं नांगर जोडला की नांगरट होते, कुळव जोडला की ढेकळं फुटतात, पाभर जोडली की पेरणी होते आणि कोळपं जोडलं की तण निघतं. आता पुष्कळ घरी बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, तरी गोष्ट तीच. 'तुमचा ट्रॅक्टर काय काम करतो?' असं कोणी विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? 'मागं काय जोडलंय ते बघा की!'

इंग्रजीतले काही अगदी साधे शब्द असेच आहेत. 'पुट' हा त्यांतलाच एक. लिहिताना तो 'बट' आणि 'कट' यांच्या जोडीला बसतो, उच्चार मात्र 'पट' नव्हे, 'पुट'. गरीब शब्द आहे. आज ठेवतो म्हणा, काल ठेवलं म्हणा, ठेवलेलं आहे म्हणा, तिन्हीकडं 'पुट'च. रूपं पाठ करायची कटकट नाही. पण त्याच्या मागं 'ऑन', 'ऑफ', 'आउट', 'अप', 'डाउन' यांतलं एखादं बारकं औत जोडलं, की काम एकदम पालटतं.

'पुट ऑन' म्हणजे अंगात कपडा घालणं. दिवा लावणं हेही 'पुट ऑन', आणि अंगानं सुटून वजन वाढलं तर तेही 'पुट ऑन'. 'पुट ऑफ' म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं. 'पुट आउट' म्हणजे दिवा किंवा आग विझवणं. 'पुट अप' म्हणजे कुंपण किंवा भिंत उभी करणं, मुक्कामी आलेल्या पाहुण्याची रात्रीची सोय करणं, मालाचा भाव वाढवणं. आणि त्याच 'पुट अप'ला शेवटी 'विथ'चं शेपूट लागलं, की अर्थ होतो सोसणं, निमूट सहन करणं. 'पुट बाय' म्हणजे अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला टाकणं. 'पुट डाउन'चा पसारा तर फार मोठा. हातातलं ओझं खाली ठेवणं, कागदावर उतरवून घेणं, बंड मोडून काढणं, चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करणं, आणि बरं न होणाऱ्या दुखण्यानं तळमळणाऱ्या जनावराला डॉक्टरकडून कायमचं शांत करणं, हे सगळं 'पुट डाउन'.

आता सांगा, ज्या पोरानं 'पुट म्हणजे ठेवणे' एवढंच घोकलंय, त्याची इथं काय गत व्हावी?

ती गत माझ्या धाकट्या भावाच्या मुलीची झाली. पोरगी हुशार. दहावीला गावात पहिली आली आणि तालुक्याच्या कॉलेजात जाऊ लागली. रोज एसटीनं जायचं-यायचं. अकरावीच्या वर्गात एके दिवशी शिक्षकांनी तिला उभं केलं आणि 'पुट आउट द लॅम्प' याचं मराठी विचारलं. तिनं सरळ सांगितलं, 'दिवा बाहेर ठेवा.' वर्ग हसला. वर्ग हसला ते हसला, शिक्षकही हसले, आणि खेड्यावरून आणखी एक शब्द बोलले. पोरगी घरी आली ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी एसटी आली आणि गेली, पोरगी घरातच. चार दिवसांनी म्हणाली, 'मला नाही शिकायचं.'

वाचकहो, मुलगा असं म्हणाला तर घर त्याची समजूत घालतं. मुलगी म्हणाली तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. घरात एका स्थळाची कुणकुण आधीपासून होतीच. भाऊ मला म्हणाला, 'दादा, तीच नको म्हणते तर आपण कशाला ओढायचं? जागा चांगली आहे. अठरा पुरी होऊ द्या, की उरकून टाकू.' भाऊ काही वाईट माणूस नव्हे. पण दोन शब्दांच्या अर्थापायी पोरीच्या आयुष्याची वाट बदलायला निघाली होती.

मी तिला ओसरीवर बोलावलं. आमची आई तिथंच शेंगा फोडत बसली होती. आईला अक्षरओळख नाही. मी पोरीला काही न सांगता आईलाच विचारलं, 'आई, लावणं म्हणजे काय गं?'

आई म्हणाली, 'काय लावायचं ते सांग की आधी! कुकू लावायचं, का दार लावायचं, का रोप लावायचं?'

मी पोरीला म्हणालो, 'घे वही. आजी सांगेल तसं लिहून काढ.'

मग आईनं जी सुरुवात केली! दिवा लावला, म्हणजे पेटवला. दार लावलं, म्हणजे मिटलं. भात लावला हे रानात म्हटलं तर चिखलात रोपं रोवली आणि घरात म्हटलं तर चुलीवर शिजत ठेवला. वासरू गाईला लावलं, म्हणजे पाजायला सोडलं. पोराला वळण लावलं. सासुरवाशिणीला जीव लावला. कामाला हातभार लावला. यायला उशीर लावला. पैज लावली. फोन लावला. लेकीला वाटेला लावलं, म्हणजे नीट रवाना केलं. आणि घराची वाट लावली, म्हणजे धुळीला मिळवलं. 'वाटेला' आणि 'वाट' यांत फरक केवढा? 'ला' एवढ्या एका अक्षराचा! पण एकात माया आहे आणि दुसऱ्यात सत्यानाश.

पोरगी लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, 'काका, म्हणजे लावणं या शब्दाला एकट्याला अर्थच नाही. शेजारी कोण बसलंय ते बघायचं. पुटचंही तसंच?'

मी म्हणालो, 'तसंच. मुंबईचा एखादा इंग्रज साहेब दिवा लाव आणि दार लाव हे ऐकून जर दाराला काडी लावायला निघाला, तर आपण हसू. पण त्याला अडाणी म्हणू का?'

तेवढ्यात आई शेंगा बाजूला सारून माझ्या भावाकडं वळली आणि म्हणाली, 'एक ऱ्हायलंच की. लगीनबी लावत्यात. पर ते एवढ्यात नगं लावू पोरीचं. शिकू दे तिला.'

भाऊ काही बोलला नाही. पण सोमवारी तो स्वतः पोरीला एसटीत बसवून आला. पुढं ती बारावी झाली आणि आता जिल्ह्याच्या गावी नर्सिंगचं शिक्षण घेते. तिथं बहुतेक शिकवणं इंग्रजीतच चालतं.

आता इंग्रजांनी आपल्या भाषेत हा असा गुंता का करून ठेवला, ते थोडं पाहू. 'पुट' या शब्दाचा अगदी जुना अर्थ 'ठेवणं' नव्हता, 'ढकलणं, रेटणं' असा होता. तो अर्थ एका जागी अजून टिकून आहे. शाळेच्या मैदानावर पोरं गोळाफेक खेळतात, तिला इंग्रजीत 'शॉट पुट' म्हणतात. आपण फेक म्हणतो खरं, पण नियमाप्रमाणं तो गोळा चेंडूसारखा फेकायचा नसतोच. मानेजवळून, खांद्याच्या रेट्यानं पुढं ढकलायचा असतो. हे ध्यानात ठेवलं, की काम लांबवण्याला 'पुट ऑफ' का म्हणतात ते लगेच उमगतं. आपणही काम पुढं ढकलतोच की!

दुसरी गोष्ट इतिहासाची. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताचा ड्यूक विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. त्याच्याबरोबर आलेले सरदार फ्रेंच बोलत. दरबार, कोर्टकचेरी, मोठ्यांच्या पंगती सगळीकडं फ्रेंच, आणि धर्माची व पोथ्यांची भाषा लॅटिन. इंग्रजी उरली ती शेतकऱ्याच्या, मेंढपाळाच्या, स्वैपाकघरातल्या बाईच्या तोंडी. गावंढळांची भाषा म्हणूनच तिच्याकडं पाहत. तुम्ही बाजारातून मटण आणता ना? तो शब्द मूळ फ्रेंच आहे, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'मेंढी' असा आहे. इंग्रजीत मेंढी रानात चरते तोवर तिला 'शीप' म्हणतात, कारण चारणारा इंग्रजी बोलणारा होता. तीच ताटात पडली की 'मटन' होते, कारण खाणारा फ्रेंच बोलणारा होता!

जवळजवळ ३०० वर्षांनी, १३६२ मध्ये, कायदा करून ठरवावं लागलं, की कोर्टातले वाद इंग्रजीत बोलावेत, कारण फ्रेंच भाषा लोकांना समजत नाही. आपल्याकडंही दरबारी कामात फारसीचा पगडा होता, आणि शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन त्या शब्दांना पर्याय शोधायला लावले. तरी 'तहकूब' आणि 'दस्तऐवज' आपल्या कचेऱ्यांत आजही आहेत. सभा 'तहकूब' होते आणि घरातलं काम आपण 'पुढं ढकलतो'. इंग्रजीत नेमकं असंच झालं. कचेरीच्या कागदावर 'पोस्टपोन' आणि घरच्या बोलण्यात 'पुट ऑफ'. कागदावर 'एक्स्टिंग्विश' आणि घरात 'पुट आउट'. कागदावर 'टॉलरेट' आणि घरात 'पुट अप विथ'. यात 'पोस्टपोन'ची गंमत अशी, की मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'नंतर ठेवणं' असाच आहे. म्हणजे साहेबी डगला काढला, की आत तेच घरगुती धोतर!

तेव्हा पोरांना जे सगळ्यात अवघड वाटतं, ते इंग्रजीतलं सगळ्यात घरगुती, सगळ्यात खेडवळ बोलणं आहे. ते परक्याला अवघड जाणारच. सॅम्युएल जॉन्सन नावाच्या पुस्तकविक्याच्या मुलानं १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश तयार केला. त्यात सुमारे ४२,००० शब्द होते. त्याच्या प्रस्तावनेत त्यानं लिहून ठेवलंय, की क्रियापदापुढं बारका शब्द जोडून अर्थ बदलायची ही जी रीत आहे, तिच्यात परदेशी माणसाची सर्वांत जास्त अडचण होते. पुढं १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकानं आपल्या पुस्तकात अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव वापरलं. ते नाव ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेलं होतं. एवढ्या मोठ्या कोशकारानं जी गोष्ट अवघड म्हणून सांगितली, ती माझ्या पुतणीला अडली यात हसण्यासारखं काय आहे?

आता थोडं शेतीकडं वळू. इंग्रजांच्या म्हणींत 'पुट' कुठं कुठं येतो ते ऐका, म्हणजे तुम्हाला ती माणसं फार परकी वाटणार नाहीत.

'नांगराला हात घालणं' अशा अर्थाचा त्यांचा एक वाक्प्रचार आहे, 'पुट युवर हँड टु द प्लाव'. म्हणजे एखादं मोठं काम अंगावर घेणं. तो लूकच्या शुभवर्तमानातून आलेला आहे. तिथं येशूच्या बोलण्याचा रोख असा, की नांगर धरल्यावर मागं वळून पाहणारा माणूस कामाचा नाही. यातलं मर्म शहरातल्या प्रोफेसरापेक्षा तुम्हाला लवकर कळेल. मागं पाहिलं की तास वाकडं गेलंच म्हणून समजा.

'घोड्यापुढं गाडी जोडणं', म्हणजे 'पुट द कार्ट बिफोर द हॉर्स'. आधीचं काम नंतर आणि नंतरचं आधी करणं. पाण्याची सोय नाही आणि ऊस लावायला निघाला, तर त्याला हे बोलणं लागू.

'चाकात दांडा घालणं', 'पुट अ स्पोक इन समवन्स व्हील'. आपण म्हणतो, त्यानं आमच्या कामाला खीळ घातली. गाडीवान तिकडचा असो की इकडचा, चाक अडवायची युक्ती एकच!

'सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका', यातही 'पुट' आहे. आपले जुने लोक ज्वारीत तुरीचे तास घालत ते याच शहाणपणानं. एक गेलं तर दुसरं हाती लागावं.

'गवतावर सोडणं', 'पुट आउट टु ग्रास'. इंग्लंडात पूर्वी शेतीची बरीच ओढकामं घोड्यांवर चालत. घोडा थकला, की त्याचा साज उतरवून त्याला कुरणात मोकळा सोडत. तेच आता माणसाविषयी बोलतात. नोकरीतून घरी बसवलेल्या माणसाला ते शब्द लागतात. मलाही पेन्शनचा कागद हाती आला तेव्हा हेच शब्द आठवले होते.

आणि पायाची जोडी ऐका. 'पुट युवर फुट डाउन' म्हणजे पाय रोवून ठाम नाही म्हणणं. 'पुट युवर फुट इन इट' म्हणजे भलत्या वेळी भलतं बोलून घोटाळा करणं. शब्द जवळजवळ तेच, शेवटचं औत तेवढं निराळं.

मग पोरांनी हे शिकावं कसं? माझ्या अनुभवातून चार सूचना करतो.

पहिली, सुटा शब्द घोकू नये. 'पुट म्हणजे ठेवणे' असं न घोकता 'पुट आउट द लॅम्प, दिवा विझव' असं अख्खं वाक्य म्हणावं. नुसता बैल ओळखून पेरणी होत नाही.

दुसरी, एका दिवशी तीनच जोड्या घ्याव्यात आणि त्या दिवसभर वापराव्यात. सदरा घालताना 'पुट ऑन', दिवा मालवताना 'पुट आउट', आजचा अभ्यास उद्यावर ढकलावासा वाटला तर 'पुट ऑफ'. निदान ढकलताना इंग्रजी तरी शिकून होईल!

तिसरी सूचना परीक्षेची. 'पुट आउट द लॅम्प' आणि 'पुट द लॅम्प आउट' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण दिव्याचं नाव न घेता 'तो विझव' म्हणायचं असेल, तर 'इट' मधेच आलं पाहिजे. 'पुट इट आउट' बरोबर, 'पुट आउट इट' चूक. सोसणं या अर्थाचं 'पुट अप विथ' मात्र कधी फोडायचं नाही. तिथं 'पुट अप विथ इट' असंच म्हणायचं.

चौथी सूचना आई-बापांसाठी. तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून उठून जाऊ नका. पोराशेजारी बसा आणि त्याला एवढंच विचारा, 'बाळा, आज कुठली जोडी घेतलीस? मागं कुठलं औत लावलंस? आपल्यात त्याला काय म्हणतात?' मग लावणं झालं, की घालणं घ्या, पडणं घ्या, मारणं घ्या. विहिरीत गाळ पडला, पाऊस पडला, बाजारभाव पडला, काम अंगावर पडलं, डोक्यात उजेड पडला. या शब्दांचा कोश तुमच्या तोंडात आहे. पोराला एकदा कळलं की आपली आजी असलं अवघड काम न शिकता रोज करते, की त्याची भीती निम्मी होते.

आणि कोणी पोर चुकीचं बोललं, तर हसू नका. 'दिवा बाहेर ठेवा' म्हणणारी मुलगी मूर्ख नव्हती. तिनं दोन्ही शब्दांचे अर्थ बरोबर सांगितले होते. त्यांची जोडी झाली की काय होतं, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम थोरांचं. पोराच्या मनातला दिवा विझवायला एक हसू पुरतं, आणि तो पुन्हा लावायला फार दिवस जातात.

इंग्रजी शिकताना आपली मराठी बाजूला ठेवावी लागत नाही. उलट जिला आपल्या बोलण्यातली खुबी कळली, तिला परक्या बोलण्यातलीही कळते. तेव्हा आज रात्री जेवणं उरकली, की पोराला जवळ घ्या आणि दोघं मिळून 'लावणं'ची किती वाक्यं होतात ती मोजा. वहीचं पान अपुरं पडेल. मग त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर 'पुट' लिहायला सांगा.